रुमाल टाकलेली जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी जालना जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधनपद्धतीचा पेपर पास झाले, पण खरं सांगायचं तर काही कळलेलं नाही. सामाजिक मानसशास्त्रातला स्वतःचा एखादा नवा अभ्यास करून पद्धत शिकता येईल का? गाइड सर म्हणतात, तयार चाचणी घे, दोनशे मुलांकडून भरून घे, टी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारा आकडा) काढ, संपलं. हातात चार महिने आहेत, पैसे नाहीतच."

शिकता येईल. चार महिने पुरतील आणि पैसेही फारसे लागणार नाहीत. सरांच्या वाटेनं गेलीस तर प्रबंधिका नक्की होईल, पण पद्धत तशीच कोरी राहील. सरांना दोष देत नाही. मीही पहिली पंधरा वर्षं पोरांना तीच वाट दाखवली. शहरी मुलं पन्नास, शहरी मुली पन्नास, ग्रामीण मुलं पन्नास, ग्रामीण मुली पन्नास, एक समायोजनाची चाचणी, आणि वर "२ × २ घटकात्मक अभिकल्प" असं भारदस्त नाव. त्यात संशोधकानं काहीच बदललेलं नसतं. मुलगी असणं किंवा भोकरदनची असणं आपण चिठ्ठी काढून कोणाला वाटून देत नाही. म्हणून फरक आला तर तो कशामुळं आला ते सांगता येत नाही. आपण मात्र शेवटच्या प्रकरणात "ग्रामीण भागात सुविधांचा अभाव असल्याने" असं एक वाक्य ठोकून मोकळे होतो.

दुसरी अडचण कागदाचीच आहे. आपल्याकडे हातात फॉर्म घेऊन दारात आलेला माणूस एकतर योजनेचा असतो, नाहीतर पंचनाम्याचा. एका दुष्काळी वर्षी मी विद्यार्थ्यांना घेऊन अंबडच्या पुढच्या एका गावात जीवनसमाधानाची मापनश्रेणी भरून घ्यायला गेले होते. पहिल्याच घरी म्हातारीनं विचारलं, "कशाचा फारम हाय? अनुदान यायलंय का?" पोरगं प्रामाणिक, म्हणालं, नाही आजी, मानसशास्त्राचा आहे. आजी म्हणाली, "मग लिही की तुझ्या मनानं. मला कामून इचारायलास?" पुढच्या सगळ्या घरांत समाधान एकदम तळाला गेलेलं. तेव्हा मी खूश झाले होते, निष्कर्ष काय ठसठशीत आला म्हणून. संध्याकाळी पारावर कळलं की आदल्या आठवड्यात गावात पंचनामे झाले होते आणि आम्हाला त्याच्याच पुढची तुकडी समजून लोकांनी उत्तरं दिली होती. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये यावर लिहिलं: प्रयोगातला माणूस गप्प बसून मोजमाप करून घेत नाही, या लोकांना माझ्याकडून काय हवंय याचा अंदाज बांधतो आणि तसं वागतो. पुस्तकात ते पान मी दहा वेळा शिकवलं होतं. कळलं पारावर.

त्यात भर म्हणजे आडनाव. तू नाव सांगितलंस की पुढचा प्रश्न "आडनाव काय? गाव कोणतं?" हाच येणार, आणि नंतरची उत्तरं त्या आडनावाकडं बघून येणार. म्हणून आरक्षणावरचा, जातीवरचा विषय पहिल्या अभ्यासाला घेऊ नकोस. विषय महत्त्वाचे आहेत, प्रश्नच नाही. पण त्यांत विचारणाऱ्याचा परिणाम इतका असतो की नवख्या माणसाला उत्तर कुठलं आणि आपली सावली कुठली हे वेगळं काढता येत नाही. "तुमच्या गावात भेदभाव आहे का?" याला "आमच्याकडं तसलं काही नाही बघा" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तो प्रश्नच विचारत नाही. रिचर्ड लापिएर यांचा १९३४ चा अभ्यास या जागी आठवावा. ते एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. अडीचशे हॉटेलं-खानावळी झाल्या, फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं की चिनी पाहुणे घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हटलं. त्या अभ्यासात दोष आहेत: पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असणारा माणूस एकच होता का, सोबत गोरा प्राध्यापक नसता तर काय झालं असतं. हे दोष तुझे तू शोधून काढ, त्यातच अर्धा पेपर होतो. पण मुद्दा पक्का आहे. लोक जे सांगतात आणि जे करतात ते दोन वेगळे चल आहेत, म्हणजे मोजायच्या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्या अभ्यासात करण्याकडं बघ.

आता विषय. मी एक सुचवते, तुला दुसरा सापडला तर उत्तमच.

एस.टी. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा आणि सीट आपली झाली. हे तू रोज बघतेस. मधल्या दारातून धक्के खात आत चढलेला माणूस दोन रुपयांचा तो रुमाल बघतो आणि पुढं सरकतो. एरवी रांग न मानणारी माणसं रुमाल मानतात. का? हा "का" सोडून दे, त्याला मोजता येत नाही. "कधी" विचार. कुठली वस्तू ठेवली की जागा राहते, आणि कुठली ठेवली की राहत नाही?

रॉबर्ट सॉमर आणि फ्रँकलिन बेकर यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयात नेमकं हेच पाहिलं होतं. कोणाची तरी आहे असं दिसणारी वस्तू, म्हणजे कोट किंवा वही-पुस्तक, जागा चांगली राखते. ग्रंथालयाचीच मासिकं विस्कटून ठेवली तर तितकी राखत नाहीत. मग तुझं नवीन काय? तर रुमाल. त्यांच्या हिशेबानं रुमाल मधे कुठंतरी बसतो: वैयक्तिक आहे, पण नाव नाही, किंमत नाही. आपल्याकडं मात्र रुमालाला एक रूढी चिकटलेली आहे. म्हणजे दोन स्पष्टीकरणं झाली. जागा वस्तूच्या मालकामुळं राखली जात असेल, तर कॉलेजच्या वाचनकक्षात नाव लिहिलेली वही रुमालापेक्षा सरस ठरेल. रूढीमुळं राखली जात असेल, तर रुमाल एस.टी.तून वाचनकक्षात येतानाही आपलं वजन बरोबर आणेल आणि वहीच्या बरोबरीनं किंवा वरचढ चालेल. दोन कल्पना, दोन वेगळी भाकितं, आणि एकच निरीक्षण त्यांच्यात निवाडा करतं. अभ्युपगम (हायपोथिसिस) म्हणजे एवढंच. "मुला-मुलींत सार्थक (निव्वळ योगायोगाचा म्हणता येणार नाही असा) फरक आढळणार नाही" असली वाक्यं लिहून हे कधी कळलं नसतं, कारण तिथं हरणारं कोणी नसतं.

प्रश्न असेच आजूबाजूला पडलेले असतात, हे सांगताना मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आम्ही त्या गावांपासून लांब, घराला तडाही गेला नाही, तरी कितीतरी रात्री अंगणात झोपलो आणि रोज नवी बातमी यायची: अमुक तारखेला याहून मोठा होणार. पुढं शिकवताना जमुना प्रसाद यांचं काम हाती लागलं. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर त्यांनी अशा अफवा गोळा केल्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळशा धक्का बसला पण नासधूस झाली नाही अशा भागातल्या. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर प्रत्यक्ष नुकसान झालेल्या ठिकाणी पाहिलं, तर तिथं तसल्या भयंकर अफवा दिसल्या नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांना यात कोडं दिसलं. वाचलेली माणसं स्वतःला आणखी का घाबरवतील? त्यांचा तर्क असा की भीती आधीच मनात असते, अफवा त्या भीतीला कारण पुरवते. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेल्या संज्ञानात्मक विसंवादाच्या सिद्धांताला (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस त्या जुळवून घ्यायला बघतो) यातूनच धागा मिळाला. म्हणजे आपल्याच देशातल्या दोन साध्या, बिनयंत्राच्या अभ्यासांची तुलना. सिन्हांचा अभ्यास नसता तर प्रसादांच्या अफवांचं महत्त्व कळलं नसतं. नियंत्रित गट कशासाठी असतो हे मी आता यावरूनच शिकवते. हिंगोली-नांदेडकडं अलीकडंही धक्के बसलेत. कोणी त्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवले असतील तर त्यात एक प्रबंधिका झोपलेली आहे. असो, रुमालाकडं येते.

एस.टी.त हा प्रयोग करू नकोस. तिथं आपण टाकलेल्या रुमालामुळं एखादी लेकुरवाळी बाई अंबाजोगाईपर्यंत उभी राहील. वाचनकक्ष बरा. आधी एक आठवडा नुसती बसून बघ, काही ठेवू नकोस. तुला दिसेल की खुर्च्या सारख्या नसतात. मराठवाड्यातल्या मार्चमध्ये पंख्याखालची खुर्ची आणि खिडकीजवळची खुर्ची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लाइट गेली की तो फरक उलटा होतो. तू वही नेहमी पंख्याखाली आणि रुमाल नेहमी खिडकीत ठेवलास तर मोजशील पंखा आणि लिहिशील वही. म्हणून आधी सहा खुर्च्या ठरव, त्यांना एक ते सहा आकडे दे आणि प्रत्येक सत्राला फासा टाकून खुर्ची निवड. वस्तू कुठली ठेवायची तेही तू ठरवायचं नाही. चिठ्ठ्या कर, डब्यात टाक, दर सत्राला एक काढ, काढलेली परत टाकू नकोस. "मी सहज निवडलं" याला यादृच्छिक म्हणत नाहीत. आपलं "सहज" फार लबाड असतं.

सत्र पाऊण तासाचं. काय मोजायचं? "जागा घेतली का", हो किंवा नाही. सोपं वाटतं ना? आता सांग: मुलगा आला, रुमाल उचलून टेबलावर ठेवला, बसला, दोन मिनिटांनी मित्रानं हाक मारली म्हणून गेला. घेतली का? मुलीनं खुर्चीच ओढून पलीकडच्या टेबलाला नेली, रुमालासकट. घेतली का? नुसती सॅक ठेवून गेला, तर? आमच्या एका गटानं हे आधी ठरवलं नव्हतं. दोन निरीक्षक शेजारी बसून दोन वेगळे तक्ते भरत होते आणि दोघांनाही आपलाच बरोबर वाटत होता. व्याख्या कागदावर लिही, उदाहरणांसकट, आणि एका मैत्रिणीला निरीक्षक म्हणून बसव जिला तुझं भाकीत माहीत नाही. दोघींची नोंद किती जुळते याला कोहेन यांचा काप्पा काढतात, म्हणजे योगायोगानं जुळलेला भाग वजा करून उरलेली जुळणी. नुसती टक्केवारी फसवते, कारण बहुतेक सत्रांत जागा रिकामीच राहिली तर डोळे मिटून "नाही" लिहिणाऱ्या दोघींचंही छान जुळेल. आणखी एक रकाना ठेव: येणाऱ्यानं शेजारच्याला "इथं कोणी आहे का?" असं विचारलं का. मला विचारशील तर खरी गंमत या रकान्यात निघेल.

पूर्वतालीम, म्हणजे छोटी आजमावणी, केल्याशिवाय पुढं जायचं नाही. आम्ही तिसरी वस्तू म्हणून त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलं होतं. ओळीनं चार सत्रांत वर्तमानपत्र गायब. सार्वजनिक वस्तू जागा राखत नाही म्हणून मंडळी आनंदात. पाचव्या सत्रात बघितलं तर ग्रंथालयातले मामा दर अर्ध्या तासाला फिरून पडलेले पेपर स्टँडला लावत होते. त्यांचं कामच ते! त्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, "मॅडम, पेपर जाग्यावर ठेवायची शिस्त तुम्हीच लावा की पोरांना." तेव्हा पेपर वगळ. नाव लिहिलेली वही, कोरा रुमाल आणि काहीच न ठेवलेली खुर्ची, एवढे तीन पुरेत. रिकामी खुर्ची हवीच, कारण तीही पाऊण तास रिकामी राहत असेल तर रुमालानं काही केलं असं म्हणता येणार नाही. म्हणून कक्ष साधारण तीन चतुर्थांश भरलेला असेल तेव्हाच सत्र सुरू करायचं आणि सुरुवातीची डोकी मोजून लिहायची.

किती सत्रं? इथं कोणीतरी तुला ३८४ सांगेल. हा आकडा आपल्याकडं देवाच्या प्रसादासारखा वाटला जातो. तो क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला आहे आणि त्याचा अर्थ मर्यादित आहे: मोठ्या लोकसंख्येतून खरोखर यादृच्छिक नमुना घेऊन एखादं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच्या चुकीनं सांगायचं असेल, तर एवढे लोक पुरतात. हाताला लागली ती ३८४ मुलं पकडून फॉर्म भरून घेतले तर तो तक्ता काही मदत करत नाही. तुझा प्रश्न दोन गटांतल्या फरकाचा आहे, आणि तिथं आकडा फरक केवढा अपेक्षित आहे यावर ठरतो. वही पन्नास टक्के वेळा जागा राखते आणि रुमाल ऐंशी टक्के, एवढा मोठा फरक पकडायचा असेल तर नेहमीच्या कसोटीवर, म्हणजे ०.०५ ची सार्थकता आणि असलेला फरक सापडण्याची ८० टक्के शक्यता धरून, प्रत्येक गटात साधारण ४० सत्रं पुरतात. फरक पन्नास आणि साठचाच असेल तर प्रत्येक गटात ३९० च्या जवळपास लागतील. म्हणून चाळीस-चाळीसची तीन, एकूण १२० सत्रं, रोज चार धरली तर तीस दिवस. छोटा फरक या अभ्यासात सापडणार नाही हे आधीच लिहून टाक, म्हणजे नंतर "फरक नाहीच" असं लिहायचा मोह होणार नाही.

ही १२० सत्रं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत, हेही लक्षात ठेव. रोज तीच पोरं येतात. आमच्याकडं तिसऱ्या आठवड्यात कँटीनमध्ये "मॅडमचा रुमाल" असा विनोद सुरू झाला आणि पुढची सत्रं आम्हाला सोडून द्यावी लागली. छोट्या गावातल्या कॉलेजात गोष्ट लपत नाही. जमलं तर दोन-तीन ठिकाणी वाटून कर: तुझं कॉलेज, शेजारचं कॉलेज, गावातलं सार्वजनिक वाचनालय. ठिकाणाचा रकाना वेगळा ठेव आणि चिठ्ठ्यांचा डबाही प्रत्येक ठिकाणाचा वेगळा. रुमाल साधा, पांढरा, रोज धुतलेला. भगवा, निळा, हिरवा अजिबात नको. कारण सांगायला नको.

परवानगीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. प्राचार्य आणि ग्रंथपाल, दोघांची लेखी घे. लोकांना न सांगता निरीक्षण करायचंय, तेव्हा ते चालेल का हे तू किंवा मी ठरवायचं नाही, विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या नैतिकता समितीनं ठरवायचं. अर्ज लिहिताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाच, त्यांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर वेगळा विभाग आहे. नावं लिहायची नाहीत, मोबाइलवर फोटो-व्हिडिओ नाही, अकरावी-बारावीची लेकरं बसतात तो कक्ष नाही. एक नियम मी माझ्याकडून घालते: कक्षात एकही खुर्ची उरली नाही की त्या क्षणी आपली वस्तू उचलायची आणि सत्र रद्द म्हणून कारणासह नोंदवायचं. परीक्षेच्या दिवसांत उभ्यानं अभ्यास करणाऱ्या पोरापेक्षा आपली प्रबंधिका मोठी नाही. सगळं संपल्यावर सूचनाफलकावर एक पानी खुलासा लाव.

पहिली चिठ्ठी काढायच्या आधी भाकीत, व्याख्या, सत्रांची संख्या, कोणती सत्रं वगळायची आणि कोणती कसोटी लावायची, हे एका पानावर लिहून गाइड सरांना ईमेल कर. ईमेलवर तारीख पडते, तीच तुझी साक्षीदार. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर अशा आराखड्याची फुकट नोंदणीही करता येते. एवढा सोपस्कार कशाला, असं वाटेल. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्या जवळजवळ सगळ्यांत सार्थक निष्कर्ष होता. पुन्हा करताना साधारण ३६ टक्क्यांतच आला. ही सगळी लबाडी नव्हती. नमुने छोटे, आणि आकडे हाती आल्यावर "आपल्याला हेच तर वाटत होतं" असं मनापासून वाटणारी माणसं. मीही त्यातलीच, म्हणून पारावरच्या त्या संध्याकाळपर्यंत खूश होते.

विश्लेषणात फार काही नाही. काय-वर्ग (χ²) कसोटी, तीन गट आणि दोन रकाने. एकदा तरी हातानं काढ. अपेक्षित वारंवारता म्हणजे काय ते तेव्हाच कळतं. मग जामोवी किंवा जास्प या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळून घे, दोन्ही फुकट आहेत, आणि टक्केवारीतला फरक विश्वासार्हतेच्या मर्यादांसह (कॉन्फिडन्स इंटरव्हल) दे. एस.पी.एस.एस.ची चोरलेली प्रत शोधत बसू नकोस.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर रुमाल म्हटल्यावर हसतील. हसू दे. मग विचारतील, "सार्थक नाही आलं तर काय उपयोग?" तेव्हा ईमेलचं ते पान पुढं ठेव, रद्द सत्रांचा तक्ता दाखव, आणि आलंय ते सांग. चाचणी कोणत्या कंपनीची वापरली असं विचारलं तर डबा दाखव.

आठवडाभर नुसतं बसून झालं की काय दिसलं ते कळव. पंख्याखालच्या खुर्च्या आधी मोज.